एका पूजेपुरती निवळी

निलंगा,
दि. ६ जानेवारी २०२५

चि. सौ. मंजुश्रीस,

निलंग्याहून संगप्पाचे आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे उमाबाई बरी आहे. माझं डोकं जड असतं आणि पहाटे तीनलाच जाग येते, पण या वयात त्याला बरंच म्हणायचं. नांदेडला थंडी फार आहे असं संगमेश्वर फोनवर आईला म्हणाला. अक्षराला कानटोपी घालत जा. शाळेच्या गाडीत तिला खिडकीशी बसू देऊ नकोस, वारं कानात शिरलं की ताप येतो. आणि गॅसची नळी जुनी झाली असेल तर बदलून घे. इथं मागच्या गल्लीत एकाच्या घरी नळीनं पेट घेतला. कुणाला काही झालं नाही. तरी बदल.

सासऱ्याचं पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनवर तू "मामा, बरे आहात ना" म्हणतेस आणि फोन अक्षराच्या हातात देतेस. त्यात तुझी चूक नाही. मलाही फोनवर नीट बोलता येत नाही, समोरचं माणूस काय म्हणतंय ते कळेपर्यंत माझं सांगायचं राहून जातं. कागद बरा. सातवीपर्यंतच शिकलो आहे, चुकलंमाकलं समजून घे.

इकडं पपई महाग झाली आहे म्हणून दिवाळीपासून फळांचं काम बंद ठेवलं. लिंबाजी मळ्यातून दोनदा येऊन गेला. "आप्पा, कच्चा माल झाडावरच पिकून चाललाय" म्हणाला. बघू, म्हटलं. नागुबाई पपया सोलायला यायची ती आता एका खानावळीत भाकऱ्या थापते. भेटली की तुझं विचारते. चाळण्या, जाळ्या, पराती सगळं धुऊन माळ्यावर टाकलं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते लिहितो.

संगमेश्वर सांगत होता की तुमच्या गल्लीतल्या बायकांच्या बचत गटाला एका बेकरीचं काम मिळतंय. केकवर, कस्टर्डवर, पावाच्या डबल का मीठावर घालायची साखरेत घोळलेली फळं. पपईचे तांबडे-हिरवे तुकडे, संत्र्याची साल, आणि लोक चेरी समजून खातात ती पाकातली करवंदं. त्यांना शिकवणारं माणूस पाहिजे, म्हणून त्या तुझ्याकडं आल्या. तीनदा आल्या, आणि तीनही वेळा तू म्हणालीस की माझ्या हाताला हे काम लागत नाही. पाच फेब्रुवारीपर्यंत तू होकार दिला नाहीस तर त्या हैदराबादचा माणूस ठेवणार आहेत.

हे ऐकल्यापासून मला एका जागी बसवत नाही. ओट्यावर जातो, आत येतो, पुन्हा ओट्यावर जातो. उमाबाई विचारते, "काय हरवलं का?"

तुझ्या हाताला लागत नाही? नऊ वर्षं माझ्या शेजारी उभी राहून तू हे काम केलंस. पाकातली फोड निथळून सुकली की ती बोटाला चिकटावी पण बोटाबरोबर वर उचलली जाऊ नये, साखरेत घोळायची ती तेवढ्या वेळातच. मला हे कळायला चार वर्षं लागली होती. तुला एका पावसाळ्यात कळलं. पावसाळ्यात, जेव्हा काहीच सुकत नाही तेव्हा. मी हे तेव्हा तोंडावर म्हटलं नाही. आमच्यात सुनेला तोंडावर म्हणायची रीत नाही, असं मी धरून चाललो.

कापडवाल्या विरूपाक्षच्या मुलीच्या लग्नात झालं ते मनात धरू नकोस. त्या खेपेला चुनाच खराब होता. भट्टीवाल्यानं त्यात काय मिसळलं होतं कोण जाणे. चुना खराब असला की फळ दगड होतं, त्याला कोण काय करणार? उन्हाचे दिवस होते, माझं तोंड सुटलं. माणूस बोलून जातो.

त्या बायकांना हो म्हण. मला दोन ओळी पाठव.

तुझा मामा,
संगप्पा

ता. क. नळी बदलली का ते लिही. उमाबाई म्हणते, मी हे आधीच लिहिलं आहे. असू दे.


निलंगा,
दि. १७ जानेवारी २०२५

चि. सौ. मंजुश्रीस आशीर्वाद.

संक्रांत झाली. उमाबाईनं तिळाच्या वड्या केल्या, त्या संगमेश्वरच्या ओळखीच्या कंडक्टरच्या हाती पाठवल्या आहेत. डबा परत पाठवायची घाई नाही. अक्षराचा खोकला थांबला का? मध घालून अडुळसा दे, पण जास्त नको.

तुझा मेसेज उमाबाईच्या फोनवर आला. "मामा, चुना खराब नव्हता." एवढंच. मी तो दहा वेळा वाचला असेल. उमाबाईनं शेवटी फोन काढून घेतला, म्हणाली, "वाचून वाचून त्यातले शब्द वाढणार न्हाईत."

खरं आहे, चुना खराब नव्हता. त्याच डब्यातला चुना मी नंतर दोन महिने वापरला. मागच्या पत्रात उगाच लिहिलं.

मी हे काम कसं करतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण एकदा मांडून बघतो, म्हणजे माझं मलाच नीट दिसेल. कच्ची पपई सोलून, चौकोनी फोडी करून चुन्याच्या निवळीत घालायच्या, म्हणजे त्या उकळताना विरघळत नाहीत. पण निवळीत किती वेळ ठेवायच्या, हे आमच्या घरात कधी घड्याळावर ठरलं नाही. माझ्या वडिलांनी लावलेली पद्धत: फोडी निवळीत सोडायच्या, हातपाय धुऊन शिवपूजेला बसायचं. तळहातावर लिंग घेऊन पूजा, जप, सगळं आटपून उठलं की फोडी काढायच्या. पाऊण तास. चाळीस वर्षं माझ्या पूजेत पाच मिनिटांचा फरक पडला नाही. तू नवीन आलीस तेव्हा घड्याळ लावायचं म्हणालीस, तर मी हसलो होतो. त्यानंतर फोडी पाण्यानं धुणं तुझ्याकडं. मग उकळणं, पाच दिवस रोज थोडा घट्ट करत नेलेला पाक, मग सुकवणं आणि साखर.

मागच्या आठवड्यात तीळ भाजता भाजता उमाबाई म्हणाली की विरूपाक्षची फळं भिजत होती त्या सोमवारी मी दोनदा पूजेला बसलो होतो. एकदा उठलो, फोडींकडं न जाता ओट्यावर जाऊन बसलो, आणि तासाभरानं पुन्हा हातपाय धुऊन बसलो, जणू सकाळ नुकतीच झाली आहे. दुसऱ्या खेपेला बसल्या बसल्या डुलकीही लागली म्हणे. आठला घातलेली फोड साडेअकराला निघाली. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ऐकून मी चाटच पडलो.

म्हणजे चूक तुझी नव्हती, हे आता मला कळलं. मी मोकळ्या मनानं लिहितो आहे. माझीच नकळत झालेली चूक होती.

पूजेला बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही हा नियमही माझाच. तू धुण्याच्या दगडाजवळ परात घेऊन थांबली होतीस. मला कोणी उठवलं नाही यात कुणाचा दोष नाही.

तो लग्नाचा दिवसही मांडतो. कार्यालयात डबल का मीठाचे मोठमोठे थाळे मांडलेले, त्यावर आपली फळं, तांबडी, हिरवी, पिवळी. लांबून काय दिसत होती! आणि मग विरूपाक्षच्या व्याह्यानं पहिला घास घेतला आणि त्याची कवळीच हातात आली. "आप्पा, फळं पाठवलाव का गिट्टी?" तो ओरडला. कुणीतरी मागून म्हणालं, "पानाचा चुना मिठाईत पडला जणू!" माणसं हसायला लागली. आणि मी तुझ्याकडं बोट केलं. "हिनं पाणी बदललं न्हाई." त्यावर थांबायचं होतं. पण मी पुढं म्हणालो, "शिरूरवाल्यांना गुळाच्या चहापल्याड गोड म्हायीत हाय का?"

तुझी आई तिथंच पंगतीत होती. शिरूर अनंतपाळहून मुद्दाम लग्नाला आलेली. गुरम्मांनी समोरच्या थाळ्यातली फळं वेचून आपल्या ताटात घेतली आणि सगळ्यांच्या देखत एकेक करून खाल्ली. कडाकडा चावण्याचा आवाज येत होता. कुणी म्हणालं, "अव्वा, टाकून द्या." त्या खातच राहिल्या. आठ-दहा तरी फोडी खाल्ल्या असतील. मग लोक हसायचे थांबले.

त्यानंतर आठ दिवसांनी तू अक्षराला घेऊन नांदेडला गेलीस. अक्षराच्या शाळेसाठी, असं आपण सगळ्यांना सांगितलं. संगमेश्वर तिथं नोकरीला होताच, त्यामुळं कुणी जास्त विचारलं नाही.

तर झालं ते असं. माझ्याकडून नकळत घडलं, आणि आता कळल्यावर मी तुला कळवलं. मन मोकळं झालं. त्या बायकांना आता तरी हो म्हण. दिवस थोडे राहिले.

तुझा मामा,
संगप्पा

ता. क. मन मोकळं झालं असं वर लिहिलं आहे. तितकंसं झालेलं नाही. का ते कळत नाही.


निलंगा,
दि. २९ जानेवारी २०२५

मंजुश्री,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

तुझा दुसरा मेसेज आला. "आत्यांनी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं. मी तिथंच उभी होते."

मी फोन तुझ्या आत्यांच्या, उमाबाईच्याच हातात दिला आणि म्हटलं, ही काय म्हणते बघ. तिनं वाचलं आणि माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही. भाकरी उलटता उलटता म्हणाली, "खोटं काय हाय त्यात?"

खोटं काहीच नाही. आता मी सरळ लिहितो. मध्येच थांबलो तर पुन्हा लिहायला होणार नाही, म्हणून एका बैठकीत लिहितो आहे. उमाबाईला सांगितलं आहे, चहाला सुद्धा हाक मारू नकोस.

त्या सोमवारी दुसऱ्या पूजेवरून उठलो तेव्हा ती दारात होती. म्हणाली, "आवं, पुन्हा बसलाव व्हय? सकाळीच झाली की तुमची पूजा. कपाळाचं भस्म बघा, एकावर एक लावलंय." मी कपाळाला हात लावला. खालचं भस्म वाळून त्याचा पापुद्रा झाला होता आणि वरचं ओलं होतं. त्या क्षणी मला सगळं कळलं. आणि मी तिला म्हणालो, "सोमवार हाय, म्हणून दोनदा केली." पूजेचं नाव पुढं करून मी बायकोशी खोटं बोललो. तू धुण्याच्या दगडाजवळून हे ऐकत होतीस, हे मला माहीत होतं. मी तुझ्याकडं बघितलं नाही.

संक्रांतीला तीळ भाजताना ती काहीही बोलली नव्हती. ते मी रचलं.

त्यानंतर तू फोडी धुतल्यास. नेहमी चार पाणी, त्या दिवशी तू सात वेळा पाणी बदललंस. मी खिडकीतून मोजत होतो. पाणी बदललं नाही असं ज्या माणसानं भर कार्यालयात सांगितलं, त्यानं सातही वेळा ते डोळ्यांनी बघितलं होतं.

आणि लग्नाच्या आदल्या दिवशीचं. हे तू कुठंच लिहिलेलं नाहीस, म्हणून मलाच लिहिलं पाहिजे. साखरेत घोळायला घेतलं तेव्हा तू एक फोड बोटात धरून दाबलीस आणि म्हणालीस, "मामा, कडक लागायलीय. एक मोडून बघू का?" मी म्हणालो, "नऊ वर्षं झाली, आजून माझ्यावर भरोसा न्हाई का?" तू फोड खाली ठेवलीस. प्रत्येक खेपेला पहिली फोड मी चाखतो. त्या खेपेला चाखली नाही. चाखली असती तर थांबवावं लागलं असतं, आणि थांबवलं तर का ते सांगावं लागलं असतं.

का ते सांगता येत नव्हतं, त्याचं कारण तुझ्या लग्नाआधीचं आहे. माझे वडील शेवटच्या दोन वर्षांत निलंग्याच्या स्टँडवर जाऊन कंडक्टरला निलंग्याचं तिकीट मागायचे. मी त्यांना हाताला धरून घरी आणायचो. पोरं मागं लागायची. त्यांचीही सुरुवात अशीच झाली होती, जेवलेलं विसरून पुन्हा पाटावर बसायचे. मला कपाळावरचा दुहेरी भस्म हाताला लागलं तेव्हा मला स्टँड दिसला. म्हणून सहा दिवस गप्प राहिलो. आणि कार्यालयात सगळे माझ्याकडं बघायला लागले तेव्हा मी त्यांचं बघणं तुझ्याकडं वळवलं. नकळत नाही. जाणून.

सतरा तारखेला तुला दुसरं पत्र टाकलं आणि परवाच्या रविवारी हा मेसेज आला. सोमवारी मी विरूपाक्षच्या कापडाच्या दुकानात गेलो. दुपारी तिथं नेहमीची चार-सहा माणसं बसलेली असतात, लग्नातही बहुतेक तीच होती. मी उभ्यानंच म्हटलं, "विरूपाक्ष, तुझ्या पोरीच्या लग्नातली फळं माझ्या हातनं नासली. सुनेचा काही दोष नव्हता."

तो गिऱ्हाईकाला साडी दाखवत होता. म्हणाला, "कंची फळं?"

मला वाटलं होतं, ते सगळ्या गावाच्या मनात बसलं असेल. त्याला आठवेना! मग आठवलं तेव्हा हसायला लागला. "आप्पा, पोरगी बाळंतपणाला आलीय माझी, आन तुम्ही आजून फळंच धरून बसलाव?"

"कवळी निघाली होती, तेच ना?" दुसरा म्हणाला. "व्याह्यानं नवीन बसवली की. जुन्यापेक्षा बेस बसली म्हणतो."

"सुनेनं लिहून दिलंय का काय म्हाताऱ्याला?" तिसरा म्हणाला.

"तव्हा हसलाव, आता ऐका," मी म्हटलं. माझा आवाज चढला असणार, कारण ती साडीवाली बाई सुद्धा वळून बघायला लागली. मी सगळं सांगितलं. दोनदा पूजेला बसलो ते. विसरायला होतं ते. दिवाळीला पाक गॅसवर ठेवून मी बाजारात निघून गेलो आणि घर धुरानं भरलं, म्हणून उमाबाईनं काम बंद करवलं, ते सुद्धा. पपई महाग झाली नाही, मंजुश्री. पपई आहे तशीच आहे.

सगळं बोलून झाल्यावर विरूपाक्ष हळूच म्हणाला, "आप्पा, वय झालं, इसरायला होतं, ते समजलं. पण मग तिला का बोललाव?"

तसाच उतरलो पायऱ्या.

मंगळवारी शिरूर अनंतपाळची गाडी धरली. उमाबाई बरोबर आली, मला एकट्याला सोडत नाही आता. गुरम्मांनी पाणी दिलं. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, "कशाला आलाव ते म्हायीत हाय मला."

मी विचारलं, कसं काय?

"मी त्या दिवशी फळं खाल्ली ती काय भुकेनं खाल्ली व्हय? पहिली चावली तव्हाच कळलं. वरून चुन्याची चव न्हाई, आत गाभ्यात हाय. धुण्यात कमी पडलं असतं तर वरून लागली असती. म्हणून धा खाल्ल्या, एखादी तरी वेगळी निघते का बघायला. समद्या सारख्याच."

मी म्हटलं, मग तिथंच का बोलला नाहीत?

"लेकीला बोल्ले मी. मांडवातच, कानात. ती म्हणली, अव्वा, गप बस. मामाला इसरायला व्हायलंय. लोकात कळलं तर त्यांचा मान जाईल." मग गुरम्मा उमाबाईकडं बघत मला म्हणाल्या, "आन तुम्ही आता माझ्यापुढं काय सांगायलाव? जिला बोल्लाव तिला सांगा. माझ्या घरात क्षमा ठेवून जाऊ नका, मी ती नांदेडला पोचवणार न्हाई."

चहा दिला त्यांनी. गुळाचा. मी तो सगळा प्यालो.

परतीच्या गाडीत मला तुझं ते वाक्य उलगडलं. माझ्या हाताला हे काम लागत नाही, असं तू त्या बायकांना सांगत होतीस ते हाताविषयी नव्हतंच. हो म्हणालीस तर पहिला प्रश्न येणार, एवढं येतं तर सासऱ्याचं चालतं काम सोडून इथं का आलीस? मग एक तर खोटं बोलावं लागणार, नाही तर माझं उघडं करावं लागणार. तू तिसरंच केलंस, हातातली विद्या नाकारलीस. आणि मी इथं बसून तुला लिहीत होतो, मनात धरू नकोस म्हणून. गाडीत उमाबाईनं विचारलं, "काय झालं?" मी खिडकीकडं तोंड केलं.

आता ऐक. निलंग्यात सगळ्यांना कळलं आहे. विरूपाक्षच्या दुकानात दुपारी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत कुठं कुठं जातं ते तुला माहीत आहे. आज सकाळी मठात स्वामींनी स्वतःहून माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणजे तिथंही पोचलं. माझा मान काही गेला नाही. थोडा गेला असेल, तो गेलेलाच बरा. तुझ्याजवळ आता माझं झाकून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही. कुणी विचारलं तर जे झालं ते सांग. माझं नाव घेऊन सांग.

त्या बायकांना पाच तारखेच्या आत हो म्हण. हे मी सासरा म्हणून सांगत नाही, तो हक्क मी कार्यालयातच घालवला. हे काम येणारा दुसरा माणूस म्हणून सांगतो. आणि त्यांना शिकवताना निवळीला घड्याळ लाव. तू पहिल्या वर्षीच म्हणाली होतीस.

निलंग्याला परत ये असं मी म्हणणार नाही. यायचं तर तुझ्या मनानं, सणाला, अक्षराला घेऊन. नाही आलीस तरी मी गावात पुन्हा शाळेचं निमित्त सांगणार नाही.

पुढच्या आठवड्यात उमाबाई मला लातूरला डोक्याच्या डॉक्टरकडं नेणार आहे. संगमेश्वरला सांग, रजा घ्यायची गरज नाही. आला तर बरं, पण गरज नाही.

एक गोष्ट राहिली, ती महत्त्वाची. आज मला हे सगळं स्वच्छ आठवतं, कोण कुठं उभं होतं इथपर्यंत. उद्याचं सांगता येत नाही. माझे वडील शेवटी घरच्या प्रत्येकावर चोरीचा आळ घ्यायचे, आणि ते खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच आठवायचं. माझंही तसं होईल अशी मला धास्ती आहे. एखाद्या दिवशी मी पुन्हा म्हणेन की फळं मंजुश्रीनं नासली, आणि मला ते खरंच वाटत असेल. त्या दिवशी वाद घालू नकोस, रडू नकोस. हा कागद जपून ठेव आणि माझ्यापुढं धर. मला वाचता येत नसेल तर अक्षराला मोठ्यानं वाचायला सांग. मी नाही म्हणेन, चिडेन, हे अक्षर माझं नाही म्हणेन. तरी शेवटपर्यंत वाचू दे.

लिहिणारा शुद्धीत आहे. उमाबाईनं सगळं वाचून घेतलं आहे, साक्षीला तिची सही खाली आहे.

तुझा अपराधी,
संगप्पा

साक्ष: उमाबाई